टीओसी ११ टक्के, तरी तेलात नापास? रॉक-इव्हलचा तक्ता कसा वाचायचा

भूशास्त्रवाली (नागपूर)

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. जिऑलॉजी, शेवटचं सेमिस्टर. डेझर्टेशनचा विषय आहे शेल ऑइलसाठी स्रोत खडकांचं, म्हणजे ज्या खडकात तेल बनतं त्यांचं, भू-रासायनिक मूल्यमापन. विषयाचं नाव भारदस्त, हाताशी नमुने मूठभर. काही नमुने आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या बोअरचे, बराकर फॉर्मेशनमधला कार्ब शेल (कार्बनने काळा झालेला शेल), कोअरचे, म्हणजे बोअरमधून काढलेल्या अखंड दंडगोलाचे, तुकडे. बाकीचे गाईड सरांच्या जुन्या ओळखीतून मिळालेले, गुजरातच्या कॅम्बे शेलचे कटिंग्ज, म्हणजे ड्रिलिंगमध्ये वर आलेला खडकाचा चुरा. रॉक-इव्हल, म्हणजे खडकाची पूड तापवून त्यातलं तेल मोजायची चाचणी, बाहेर पैसे भरून करून घेतलं. एक एक्सेल शीट आली, सोबत चकार शब्द नाही.

सगळी शीट टाकत नाही, भांडण ज्यावर आहे ते तीन नमुने देते. टीओसी म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, टक्क्यांत; एस१ म्हणजे खडकात आधीच मोकळं असलेलं तेल आणि एस२ म्हणजे तापवल्यावर बनणारं, दोन्ही ग्रॅम खडकामागे मिलिग्रॅममध्ये; टीमॅक्स म्हणजे एस२ सगळ्यात जास्त निघतो ते तापमान, अंश सेल्सिअसमध्ये.

अ (बराकर कार्ब शेल, कोअर): टीओसी ११.४, एस१ ०.९, एस२ १९.८, टीमॅक्स ४२८.
ब (कॅम्बे शेल, कटिंग्ज, १८५० मीटर): टीओसी २.३, एस१ २.७, एस२ ४.६, टीमॅक्स ४२१.
क (त्याच विहिरीतला, ब च्या तीसेक मीटर वरचा): टीओसी २.१, एस१ ०.८, एस२ ५.२, टीमॅक्स ४३६.

मी टीओसीप्रमाणे क्रम लावला आणि अ ला पहिला नंबर दिला. सरांनी लाल पेनाने तो खोडून ब वर गोल केला आणि बाजूला फक्त 'ओएसआय बघ' लिहिलं, म्हणजे कार्बनच्या मानाने मोकळं तेल किती ते. ओएसआय काढला, ब चा ११७ येतो, क चा फक्त ३८. पण अ मध्ये सेंद्रिय कार्बन पाचपट आहे, मग तो तेलाच्या बाबतीत मागे काहून? आणि ब इतका चांगला असेल तर त्याचा सख्खा शेजारी क इतका सुमार कसा? व्हायवात हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच विचारते.

खाणवाला_वणी

ताई, टीओसी ११ म्हणजे सोनं आहे. ४ च्या वर सगळं 'एक्सलंट' असतं, कोणतंही पुस्तक उघडून बघा. आणि कोळशातून तेल होत नाही असं कोणी म्हणत असेल तर त्याला आसामकडे बोट दाखवा. तिथल्या बराइल गटातल्या कोळसा आणि शेललाच वरच्या आसामातल्या तेलाचा स्रोत मानतात. ऑस्ट्रेलियाच्या गिप्सलँडमध्येही तेच. अ चा पहिला नंबर सोडू नका. सरांना आमच्या कोळशाचं वावडं दिसतं.

धरमपेठकर

खाणवाले भाऊ, आसामचं बरोबर बोललात, पण तो कोळसा टर्शरी काळातला आणि आपला परमियन. झाडं वेगळी, दलदल वेगळी. आसामच्या कोळशात हायड्रोजन राखून असलेला भाग बरा आहे. गोंडवाना कोळशात इनर्टिनाइटचा भरणा मोठा, म्हणजे आधीच ऑक्सिडाइझ झालेलं, करपलेलं लाकूड. त्यातून तेल मागणं म्हणजे निवलेल्या राखेत निखारा शोधणं.

मॅडम, माझी नोकरी या यंत्राच्या शेजारीच गेली. आता निवृत्त होऊन धरमपेठेत बसलोय, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. घाई असेल तर ब वरचा शेवटचा भाग तेवढा वाचा.

यंत्र काय करतं ते आधी डोळ्यासमोर आणा. साठेक मिलिग्रॅम खडकाची पूड, म्हणजे चिमूटभरही नाही, एका बारक्या धातूच्या कुपीत घालून भट्टीत जाते. आत हवा नसते, नायट्रोजन किंवा हेलियम वाहत असतो. ३०० अंशांवर तीनेक मिनिटं थांबतात, तेवढ्यात जे आधीपासून मोकळं आहे ते वाफ होऊन निघतं. तो एस१. मग मिनिटाला २५ अंशांनी ६५० पर्यंत चढवतात आणि आता केरोजेन, म्हणजे खडकातला घट्ट बसलेला सेंद्रिय पदार्थ, फुटायला लागतं. तो एस२. एस२ चा डोंगर ज्या तापमानाला सगळ्यात उंच होतो तो टीमॅक्स. जमिनीत शंभरेक अंशांवर लाखो-कोट्यवधी वर्षं जे चालतं ते इथे पंधरा-वीस मिनिटांत उरकतात. त्यामुळे ४३५ अंश आकडा बघून खडक खरंच तेवढा तापला होता असं समजू नका. व्हायवात हे विचारतात आणि पोट्टे हमखास गडबडतात.

म्हणजे एस२ हे खडकाने अजून न बनवलेलं तेल आणि एस१ हे बनून आत राहिलेलं. जुन्या पद्धतीच्या शोधात तेल स्रोत खडकातून निघून दुसरीकडे वाळूच्या दगडात साचलेलं हवं असायचं, म्हणून एस२ आणि एचआय (हायड्रोजन इंडेक्स, कार्बनच्या मानाने एस२) यांचा मान मोठा. शेल ऑइलमध्ये स्रोत खडकच टाकी आहे. तेव्हा नजर एस१ वर जाते.

आता अ. एस२ भागिले टीओसी गुणिले १००, एचआय आला १७४. म्हणजे टाइप थ्री, लाकूडफाट्याचं केरोजेन, मुख्यतः वायू देणारं. टीमॅक्स ४२८, म्हणजे ४३५ च्या आत, अजून कच्चं. पीआय (प्रॉडक्शन इंडेक्स), म्हणजे एस१ भागिले (एस१ अधिक एस२), येतो ०.०४. तेल बनायला लागलेल्या खडकात तो ०.१ च्या पुढे जातो. तिन्ही साक्षीदार एकच सांगतात. टीओसीचा तो 'एक्सलंट'वाला तक्ता पीटर्स आणि कासा यांच्या १९९४ च्या लेखातला. त्याच तक्त्यात शेजारच्या रकान्यांत एस१ आणि एस२ च्याही मर्यादा दिल्यात, त्यांच्याकडे कोणी बघत नाही.

ओएसआय म्हणजे एस१ भागिले टीओसी गुणिले १००. अ चा ८. अमेरिकन भू-रसायनतज्ज्ञ जार्वी यांनी २०१२ मध्ये मांडलं की हा आकडा १०० च्या पुढे गेला तर तेल खडकातून वाहून निघण्याची शक्यता धरावी. शंभरच काहून? सेंद्रिय पदार्थ स्वतःच तेल धरून ठेवतो, एक ग्रॅम कार्बनमागे साधारण ८० ते १०० मिलिग्रॅम. तर्री-पोह्याची प्लेट घ्या. पहिले दोन चमचे तर्री पोहेच पिऊन टाकतात, बशी कोरडीच. पोहे तृप्त झाल्यावर जी बशीच्या काठाला येते तीच तुम्हाला बोटाने पुसता येते. अ मध्ये पोहे डोंगराएवढे आणि तर्री अर्धा चमचा. टीओसी वाढला की तेल धरून ठेवणाराही वाढतो, हे लोक विसरतात.

अमेरिकेतलं बाकेन हे शेल ऑइलचं क्षेत्र याचं सगळ्यात चांगलं उदाहरण. वरचा आणि खालचा शेल कार्बनने ठासून भरलेला, सरासरी ११ टक्क्यांच्या आसपास, तुमच्या अ सारखाच. पण आडव्या विहिरी मारल्या त्या मुख्यतः मधल्या थरात, जिथे स्वतःचा कार्बन नावालाच आहे. दोन्ही बाजूंनी तेल येऊन त्या डोलोमाइटी, गाळवट थरात बसलं आणि तिथे त्याला धरून ठेवणारं कोणी नव्हतं. तिथले शेल पिकलेले आहेत, हा तुमच्या अ शी फरक लक्षात ठेवा.

आता ब, ज्यावर तुमच्या सरांनी गोल केलाय. मला त्या गोलाची काळजी वाटते.

पीआय काढा: २.७ भागिले ७.३, म्हणजे ०.३७. इतका पीआय असलेल्या खडकाचा टीमॅक्स ४५० च्या आसपास असायला हवा. तुमचा ४२१. एक आकडा म्हणतो खडक तेलाच्या खिडकीत, म्हणजे तेल बनण्याच्या टप्प्यात, चांगलाच आत शिरलाय, दुसरा म्हणतो अजून सुरुवातच नाही. त्याच विहिरीत तीस मीटर वरचा क ४३६ देतो. तीस मीटर खाली गेल्यावर खडक १५ अंशांनी कच्चा होत नसतो. ब मध्ये बाहेरचं काहीतरी आहे. एकतर दुसरीकडून आलेलं खरं तेल किंवा ड्रिलिंगच्या चिखलातून, म्हणजे विहीर खणताना आत फिरवतात त्या द्रवातून, आलेली घाण.

एक्सेल शीट बाजूला ठेवा आणि लॅबकडून पायरोग्राम मागवा, म्हणजे तो आलेख. पैसे भरलेत, हक्काने मागा. एस२ च्या डोंगराला डाव्या बाजूला खांदा दिसतोय का, ते बघा.

बर्डीवाला

काका, मला एवढंच समजलं की पोहे खायला जायचं आहे. पण विदर्भात खाली तेल आहे की नाही ते सांगून टाका ना एकदाचं. पेट्रोलचा भाव बघून जीव जातो.

धरमपेठकर

भाऊ, तू राहतोस ती सीताबर्डीची टेकडीच बेसाल्टची, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासची. पश्चिमेला तोच दख्खनचा लाव्हा, आणि कामठी, उमरेड, वणी, चंद्रपूरकडे गोंडवाना, म्हणजे कोळसा. तो कोळसा फार खोल पुरला गेला नाही, म्हणून नीट शिजला नाही. आपल्याकडे शेलचा विचार होतो तो कॅम्बे, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर खोऱ्यात. २०११ च्या सुरुवातीला ओएनजीसीला देशातला पहिला शेल गॅस लागला तो दुर्गापूरजवळ. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती खात्याने २०१३ मध्ये भारतासाठी ३.८ अब्ज बॅरल शेल ऑइल काढता येण्याजोगं आहे असा अंदाज दिला होता. अंदाज तो अंदाज, टाकीत भरता येत नाही. तू सायकल घे.

खाणवाला_वणी

धरमपेठकर काका, मानलं. पण अ च्या एस१ बद्दल एक शंका. आमच्याकडचे कोअर बॉक्स पत्र्याच्या शेडमध्ये पडून असतात. मे महिन्यात त्या शेडमध्ये माणूस पाच मिनिटं उभा राहत नाही. तेल उडून गेलं नसेल कशावरून?

धरमपेठकर

लाख रुपयांचा प्रश्न विचारलात. उडतंच. नागपूरचा मे म्हणजे बाहेर ४५, पत्र्याखाली त्याहून जास्त. हलके हायड्रोकार्बन, साधारण पंधरा कार्बनपर्यंतचे, कोअर वर आल्यापासूनच निघायला लागतात. पूड करून ठेवली तर अजून लवकर. ताजा तेलकट कोअर हातोडीने फोडला की नाकाला पेट्रोल पंपासारखा वास येतो. तोच तुकडा उन्हाळा काढून आला की फक्त मातीचा वास. म्हणून एस१ हा नेहमी कमीत कमी आकडा समजायचा.

पण अ ला हे कारण पुरत नाही. ओएसआय ८ वरून १०० व्हायला एस१ बारापट हवा. टीमॅक्स तर शेडमध्ये ठेवल्याने खाली आलेला नाही, तो मुळातच कच्चा आहे. खरं नुकसान झालं असेल ते क चं. कटिंग्ज धुतले जातात, वाळवले जातात, आणि एखादा उत्साही माणूस १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये वाळवतो. ३८ चा ओएसआय अशा नमुन्यात मूळचा किती होता हे त्या नमुन्यालाच माहीत.

भूशास्त्रवाली (नागपूर)

काका, खूप खूप धन्यवाद. लॅबला तीन फोन केल्यावर पायरोग्राम आले. ब च्या एस२ ला डाव्या बाजूला चक्क कुबड आहे. क चा डोंगर सरळ, एकाच शिखराचा. आणि ब च्या वरच्या-खालच्या सगळ्या नमुन्यांचे टीमॅक्स ४३५ ते ४३९ मध्ये आहेत. एकटा ब च वाट चुकलाय.

आता दोन प्रश्न. हे कुबड तेलाचं की चिखलाचं, हे कसं ठरवू? आणि सरांना कसं सांगू? त्यांनी लाल पेनाने गोल केलाय हो.

धरमपेठकर

आता काका म्हणालीस म्हणजे मी पण अगं-तुगं करतो.

कुबड म्हणजे जड तेल. रेझिन, अस्फाल्टीन वगैरे ३०० अंशांना उडत नाही, म्हणून एस१ मध्ये न येता एस२ च्या सुरुवातीला सांडतं आणि टीमॅक्स खाली ओढतं. ते मोजायची रीत सरळ आहे. ब ची उरलेली पूड सॉक्सलेटमध्ये (द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून धुणारं काचेचं उपकरण) डायक्लोरोमीथेनने धुवून काढ, कोरडी होऊ दे आणि पुन्हा रॉक-इव्हल कर. एस२ जितका कमी झाला तितकं तेल त्यात लपलं होतं. एकूण तेल म्हणजे आधीचा एस१ अधिक दोन एस२ मधला फरक. समज, ४.६ चा ३.३ झाला तर २.७ अधिक १.३, म्हणजे ग्रॅमला ४ मिलिग्रॅम. टनाला चार किलो. किलोत सांगितलं की परीक्षकही कान टवकारतात. आणि धुतल्यावर टीमॅक्स ४३६ च्या आसपास परत आला तर खडक शेजाऱ्यांसारखाच आहे, गडबड फक्त बाहेरून आलेल्या मालाची, हे सिद्ध.

तो माल कोणाचा, हे गॅस क्रोमॅटोग्राफ सांगेल. धुवून निघालेल्या अर्काचा आलेख बघ. चिखलातलं डिझेल असेल तर दहा ते पंचवीस कार्बनमध्ये एक आटोपशीर टेकडी येते आणि पुढे सपाट. खडकातलं खरं तेल तीस-पस्तीस कार्बनपर्यंत शेपूट लांबवतं. चिखलात गिल्सोनाइट (डांबरासारखा नैसर्गिक पदार्थ) किंवा अस्फाल्टची पूड घातली असेल तर एस२ फुगतो, टीमॅक्स पडतो. शेल ढासळू नये म्हणून घालतात ती. अक्रोडाच्या टरफलाचा भुगाही घालतात, चिखल खडकातल्या भेगांत मुरून जाऊ लागला की तो थोपवायला. त्याने एस३ (पुडीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड) आणि ओआय (ऑक्सिजन इंडेक्स, कार्बनच्या मानाने एस३) वर जातात. म्हणून पूड करण्याआधी कटिंग्ज बायनॉक्युलर मायक्रोस्कोपखाली चिमट्याने निवडायचे असतात. तुझे निवडले होते का?

पण प्रयोगाआधी फुकटचं काम कर. त्या विहिरीचा रोजचा ड्रिलिंग रिपोर्ट सरांच्या मित्राकडून मिळतोय का बघ. १८५० च्या अलीकडे काय झालं ते वाच. पाइप अडकला होता का, हे खास बघ.

सरांना सांगायची रीत: ब चूक आहे असं म्हणू नकोस. पीआय आडव्या अक्षावर, टीमॅक्स उभ्या अक्षावर, सगळे नमुने टाकून आलेख काढ. ब आपोआप रांगेबाहेर उभा राहील. आलेख सरांसमोर ठेव आणि गप्प बस. माझ्या अनुभवात जिऑलॉजिस्टला आलेख दाखवला की तो स्वतःच बोलायला लागतो.

भूशास्त्रवाली (नागपूर)

काका!! रिपोर्टची पानं आली. १८४० ला पाइप अडकला होता. सोडवायला डिझेलची पिल, म्हणजे अडकलेल्या जागी सोडतात तो डिझेलचा घोट, सोडली असं लिहिलंय, मग चिखल फिरवून पुढे ड्रिलिंग. माझा ब त्याच्या दहा मीटर खालचा. कटिंग्ज निवडले नव्हते, डब्यातून काढून थेट खलबत्त्यात.

आलेख सरांसमोर ठेवला. दोन मिनिटं बघत राहिले, मग म्हणाले, "ड्रिलिंग रिपोर्ट कुठाय?" मी पुढे केला. गोल खोडला गेला आहे.

आता शीटमध्ये शंभरच्या वर एकही ओएसआय उरला नाही. निष्कर्ष काय लिहू? 'तेल नाही' असं लिहून डिग्री कशी मिळणार?

धरमपेठकर

मिळते. तेल नाही, असं तुझा डेटा म्हणतच नाही. क आणि त्याची भावंडं बघ: टीओसी २ च्या वर, एचआय २४८, टीमॅक्स ४३६, पीआय ०.१३. टाइप टू आणि टाइप थ्रीची सरमिसळ असलेलं केरोजेन, तेलाच्या खिडकीत नुकतंच शिरलेलं. जार्वी यांच्या सूत्राने ०.०१८ गुणिले टीमॅक्स वजा ७.१६ केलंस तर आरओ, म्हणजे व्हिट्रिनाइट या लाकडापासून झालेल्या कणांची चमक, खडक किती पिकला त्याचं माप, ०.६९ येतो. ते सूत्र टेक्ससच्या बार्नेट शेलवरून बांधलंय, म्हणून चार-सहा नमुन्यांचा व्हिट्रिनाइट मायक्रोस्कोपखाली मोजून घे. नागपुरात कोळशाची एवढी माणसं आहेत, पॉलिश केलेल्या पेलेटवर (रेझिनमध्ये बसवलेल्या खडकाच्या गोळीवर) आरओ मोजणारा कोणीतरी भेटेल. मग लिही की या विहिरीत या खोलीवर तेल बनायला लागलंय, मोजलेला मोकळा साठा धरून ठेवण्याच्या मर्यादेच्या आत आहे, आणि नमुने धुतलेले-वाळवलेले असल्याने एस१ हा किमान आकडा आहे. याच खडकाचा जास्त खोल गाडला गेलेला भाग बघण्यासारखा आहे, हेही लिही.

ब चा तक्त्यातला आकडा खोडू नकोस. तसाच ठेव, समोर 'डिझेल पिल, विचारात घेतला नाही' लिही. अ पण ठेव, कच्च्या टाइप थ्रीचा नमुना म्हणून तो छान आहे. खाणवाले भाऊ खूश होतील.

खाणवाला_वणी

झालो. ताई, आरओसाठी मेसेज करा, आमच्या ओळखीतला एक जण पेलेट करून देतो. सोमवार सोडून कधीही, सोमवारी त्याच्याकडे खाणीतल्या नमुन्यांची रांग असते. क चे तुकडे आणाल ते पूड करून आणू नका, भरड आणा.

भूशास्त्रवाली (नागपूर)

भरड म्हणजे किती? एक मिलिमीटर चालेल? आणि काका, सॉक्सलेटचं थिंबल, म्हणजे ज्यात पूड भरतात ती नळी, आमच्याकडे एकच आहे, आधी कोणीतरी सांडपाण्याच्या गाळासाठी वापरलेलं. धुवून वापरू का?

धरमपेठकर

अजिबात नको. नवीन घे. आणि पहिल्या दिवशी रिकामंच डायक्लोरोमीथेनमध्ये चालवून घे, नवीन थिंबलमधूनही काही ना काही निघतंच. फ्यूम हुड सुरू ठेव, कूलरच्या वाऱ्यावर हे काम करायचं नसतं.